नवयुग मिलचं वस्त्रदर्शन

शुक्रवार, ४ सप्टेंबर १९५३

आज मॅनेजरसाहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. फोल्डिंग खात्यातल्या माणसाला केबिनमध्ये बोलावतात ते कापड कमी मोजलं गेलं म्हणून, नाही तर घडी वाकडी पडली म्हणून. आज दोन्ही कारणं नव्हती.

साहेब म्हणाले, दामाजीभाई, मुंबईला मोठ्या हॉटेलात फॅशन परेड बघून आलो. बायका कपडे घालून चालतात, व्यापारी बघतात आणि तिथल्या तिथे ऑर्डर देतात. मी म्हटलं, साहेब, आमच्या कळव्यातसुद्धा बायका कपडे घालूनच चालतात. साहेब हसले नाहीत. गुजराती माणसाला आपला विनोद उशिरा कळतो.

मिलने लग्नसराईसाठी नवी फुलांची डिझाइनं काढली आहेत. १० ऑक्टोबरला मुंबईचे घाऊक व्यापारी येणार. त्यांच्यापुढे आपल्याच मिलच्या बायांनी ते कापड नेसून चालायचं. सगळी व्यवस्था मी करायची. साहेब म्हणाले, हे तुम्हालाच जमेल. तुमच्या गळ्यात माळ आहे, बायांच्या घरची माणसं तुमच्यावर संशय घेणार नाहीत.

म्हणजे माझं चारित्र्य केबिनपर्यंत पोचलं आहे.

निघताना वेल्फेअर ऑफिसरच्या जागेविषयी हळूच विचारलं. नव्या कायद्याने मोठ्या मिलला असा माणूस नेमावाच लागतो. कामगारांची गाऱ्हाणी ऐकायची, त्यांच्या सुखदुःखात लक्ष घालायचं. हे मी आजवर फुकट करत आलो आहे. साहेब म्हणाले, बघू, आधी परेड तर होऊ द्या. याहून स्पष्ट माणूस काय बोलणार? पांडुरंगाने दार उघडलं. आजपासून कोणावर रागवायचं नाही.

शनिवार, ५ सप्टेंबर

'फॅशन परेड' हे नाव बरोबर नाही. ऐकूनच बायांचे नवरे लाठ्या काढतील. पहाटे जप करताना नाव सुचलं, 'वस्त्रदर्शन सोहळा'. जपात दुसरं काही सुचू नये हे खरं, पण सुचवणारा तोच.

घरी बायकोला, मनुबाईला, सगळं सांगितलं. ती वाटण वाटत होती. म्हणाली, तुमाला बायकांच्या नेसन्यातला काय कलतंय? चार दिस जालं, मी नव्या बांगड्या भरल्यात, त्या दिसल्या का?

पाहिलं. खरंच नव्या होत्या. पण या प्रश्नाचा कामाशी संबंध नव्हता.

सोमवार, ७ सप्टेंबर

वाइंडिंग खात्यात गेलो. तिथे बॉबिनवर सूत भरायला सगळ्या बायाच. आगरी निम्म्या, कोळणी निम्म्या, आणि सगळ्यांवर आवडाबाई कोळीण. खाड्याची रजा मुकादम देतो, पण आवडाबाई हो म्हणाली तरच. तिला सोहळा समजावून दिला. स्टेजच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचं आणि परत यायचं.

आवडाबाईने विचारलं, थयसर काय हाय?

म्हटलं, काही नाही.

मंग परत येयाचाच हाय तं जायाचा कशाला?

सगळ्या बाया फिदीफिदी हसल्या. त्यांच्यातली शकू तर बॉबिनच्या टोपलीवर पडली. मी रागावलो नाही. प्रश्न तसा गहन आहे. रात्री पोथी वाचताना तोच मनात येत राहिला आणि एक अख्खं पान नुसतंच उलटलं गेलं.

शेवटी आवडाबाई तयार झाली. ती झाली म्हणजे सगळ्या झाल्या.

टाइम ऑफिसमधला सुधीर मदतीला येतो म्हणाला. डोंबिवलीचा मुलगा, केसांना तेल नाही. संध्याकाळी मुंबईला जाऊन लेबर वेल्फेअरचा डिप्लोमा करतो. बिचारा. माणसं काय कागदावरून कळतात? त्याचं मन मोडू नये म्हणून पडदा ओढायचं काम दिलं.

बुधवार, ९ सप्टेंबर

पहिली अडचण. लूमवरचा भिवा फोल्डिंगच्या दारात येऊन उभा राहिला. वाइंडिंगमधली गोदा त्याची बायको, याच वैशाखात लग्न झालंय. भिवा म्हणाला, बुवा, बायको मी केली. ती व्यापाऱ्याला कशाला दाखवू? त्याला मुलगी पसंत करायची हाय का?

त्याला सांगितलं की व्यापारी गोदाकडे बघणार नाहीत, कापडाकडे बघणार आहेत. भिवा म्हणाला, गोदा आत असताना कापडाकडं बघनारा मानूस मला दाखवा.

मला राग आला होता, पण वर आला नाही. तोडगा काढला. मुंबईच्या परेडला ग्रामोफोन वाजवतात. आपण ग्रामोफोन लावायचा नाही. आपल्या भजनी मंडळाचे टाळ-मृदंग लावायचे, आणि मृदंगावर बसवायचा भिवा! तो तिथेच समोर असेल, म्हणजे संशयाला जागा नाही, आणि सोहळ्याला सात्त्विक रूपही येईल. भिवाने मिशीवर बोट फिरवलं आणि कबूल झाला.

वेल्फेअर ऑफिसर याहून वेगळं काय करतो?

सोमवार, १४ सप्टेंबर

गणपतीचे दिवस. निम्म्या बाया रजेवर, उरलेल्या अर्ध्या झोपेत. प्रॅक्टिस नाही. वेळ भरपूर आहे.

गुरुवार, १७ सप्टेंबर

साहेबांनी सहा वारी पातळं काढा म्हणून सांगितलं होतं. शहरातल्या बायका गोल नेसतात. आवडाबाईने ते कापड अंगाला लावून पाहिलं आणि म्हणाली, यो गुंडालून मी पाय कसा टाकू? होरीत चढताना खारीत परन.

होडीत चढायचं नाही असं सांगून पाहिलं. ऐकलं नाही. नऊवार हवं, आणि कासोटा घालून नेसणार. मी विचार केला. साहेबांना कापड खपवायचं आहे, नेसणं खपवायचं नाही. फोल्डिंगची कात्री माझ्या हातात आहे. नऊ वार कापायचं ठरवलं. नमुना म्हणून प्रत्येक डिझाइनचं एकच लहान ठाण विणलेलं आहे. नऊ वार काढल्यावर उरतात त्या चिंध्या. पण नमुना तर नमुनाच, तो कमी-जास्त कसा होईल? साहेबांना सोहळ्यातच दिसेल. माणसाने थोडं आश्चर्य राखून ठेवावं.

शुक्रवार, २५ सप्टेंबर

पितृपक्ष लागला. नव्या लुगड्याची घडी मोडून चालण्याची प्रॅक्टिस करू या म्हटलं तर बायांनी कानावर हात ठेवले. पितरपाखात नवं वस्त्र अंगाला लावायचं नाही. मला हे सुचायला हवं होतं. सुचलं होतं, पण कामाच्या गर्दीत राहून गेलं.

मार्ग काढला. गोदामातली गोणपाटं आणली. गोणपाटं लुगड्यासारखी गुंडाळून बाया चालल्या. फार वेगाने चालतात. एरवी डोक्यावर मासळीची किंवा भाजीची पाटी घेऊन चालणाऱ्या बाया, त्यांना रमतगमत चालणं ठाऊकच नाही. आवडाबाई तर स्टेजच्या या टोकाकडून निघाली की थेट भिंतीला जाऊन आदळते. मी म्हटलं, बाई, लक्ष्मीच्या पावलांनी या. ती म्हणाली, लक्ष्मीला बाजारात बसायाचा नसतो.

शकूला गोणपाट टोचलं. हसू आवरेना म्हणून तिने ते तोंडात कोंबलं आणि मग शिंका.

गुरुवार, १ ऑक्टोबर

प्रॅक्टिस बरी झाली. म्हणजे सगळ्या एकाच दिशेने गेल्या. परत येताना मात्र वेगवेगळ्या आल्या. संताप आला. नंतर विचार केला की संतापाने काय होणार, आणि बाहेर जाऊन पुन्हा संतापलो.

सोमवार, ५ ऑक्टोबर

साहेब अचानक प्रॅक्टिस बघायला आले. समोर गोणपाटात बाया, मागे टाळ, मृदंगावर भिवा. साहेबांनी बराच वेळ पाहिलं. मग मला बाजूला घेऊन विचारलं, दामाजीभाई, कोणी वारलं का?

पितृपक्ष, नवं वस्त्र वगैरे समजावलं. साहेब म्हणाले, कापड शेवटच्या दिवशीच दाखवायचं आहे ना, मग ठीक. पण लक्षात ठेवा, शनिवारी व्यापारी बघतील आणि सोमवारी ऑफिसात तेच नमुने टेबलावर घेऊन सौदा करतील.

हे काय सांगायला हवं?

सुधीर मधेच म्हणाला, काका, लुगडी पडद्यामागे ऐनवेळी द्यायची आणि चालून आल्या की तिथेच लगेच परत घ्यायची. मी त्याला बाहेर नेऊन समज दिली. ज्या बायांनी आपल्यासाठी गोणपाट नेसलं, त्यांच्यावर अविश्वास? हे वेल्फेअर नाही. मुलगा वाईट नाही, पण माणसांत रुळायला त्याला वर्षं जातील.

गुरुवार, ८ ऑक्टोबर

आज घट बसले. पितृपक्ष संपला. मन प्रसन्न.

संध्याकाळी देवीच्या देवळात आरतीला गेलो आणि तिथेच सुचलं. नवं लुगडं बाईच्या हातात नुसतं फेकून द्यायचं? आपल्यात घडी मोडायच्या आधी वस्त्राला हळद-कुंकू लावतात, देवापुढे ठेवतात. नवरात्राचे दिवस. बायांना देवीसारखं मानून, प्रत्येकीला लुगडं, नारळ, तांदूळ, सुपारी अशी ओटी भरूनच द्यायचं. सोहळ्याला खरा अर्थ येईल. मुंबईच्या हॉटेलात हे कोणाला सुचलं असतं का?

ओटी पुरुषाने भरायची नसते, म्हणून मनुबाईला मिलमध्ये घेऊन जायचं ठरवलं. तिला सांगितलं. तिने हातातलं काम बाजूला ठेवलं. मग म्हणाली, इतक्या बायांना मिल लुगरी देतंय? मी म्हटलं, देतेच आहे. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की लग्नानंतर तसं पाहिल्याचं आठवत नाही.

शनिवार, १० ऑक्टोबर, सकाळी

आंघोळ, जप, उपास. आज बोलायचं कमी. रागवायचं मुळीच नाही. धोतर नवं.

शनिवार, संध्याकाळी

क्रमाने लिहितो.

पडद्यामागे मनुबाई पाटावर बसली. एकेक बाई पुढे आली. मनुबाईने कुंकू लावलं, पदर पसरायला सांगितला, त्यात नारळ-तांदूळ घातले आणि वर लुगडं ठेवलं. शकूसुद्धा हसली नाही. गोदाने मनुबाईच्या पाया पडून घेतलं. आवडाबाईने लुगड्यावरून हात फिरवला. निळ्या जमिनीवर पिवळी शेवंती, डिझाइन क्रमांक सात. मला विचारलं, भाऊ, यो आमचाच का?

तो क्षणच असा होता. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी म्हटलं, बाई, आता याला परकं म्हणू नका.

सुधीर पडद्याच्या दोरीपाशी उभा होता. तो म्हणाला, काका! मी हाताने त्याला गप्प केलं.

पडदा उघडला. व्यापारी पहिल्या रांगेत, पांढरे कोट, काळ्या टोप्या. मृदंगावर थाप पडली. आवडाबाई निघाली, मागे बाकीच्या. आधी लय बरोबर होती. पण गोदा बाहेर आली आणि व्यापाऱ्यांतले एक जाडे शेठ पुढे वाकले. भिवाने ते पाहिलं. मृदंग दुप्पट झाला. बाया दुप्पट वेगाने चालल्या. शेठजी आणखी वाकले, भिवाने द्रुत घेतली. लुगड्यांचे फक्त रंग दिसले, लाल गेला, हिरवा गेला, निळा गेला. टाळकऱ्यांना धाप लागली. सगळ्या बाया पलीकडच्या विंगेत पोचल्या आणि स्टेज रिकामं.

साहेबांनी विचारलं, संपलं?

मी म्हटलं, परत येतील.

परत आल्या. यावेळी भिवाचा हात मी स्वतः धरून ठेवला होता, त्यामुळे मृदंग वाजलाच नाही आणि बाया मधोमध उभ्या राहून आपण थांबायचं की जायचं ते विचारत राहिल्या. पण त्यामुळे कापड दिसलं! व्यापारी उठून स्टेजजवळ आले. जाड्या शेठजींनी सात नंबर पाहिला, मान डोलावली आणि सवयीने हात पुढे करून आवडाबाईचा पदर दोन बोटांत चोळून पाहिला. कापडवाला माणूस, पोत बघितल्याशिवाय त्याला राहवत नाही. मी हे समजू शकतो.

आवडाबाईने हातावर असा फटका मारला की शेवटच्या रांगेत ऐकू गेला. म्हणाली, ए शेट! हात लावून मासली बगतान, बाई नाय!

कामगारांनी टाळ्या वाजवल्या. भिवाने मृदंगावर एक थाप दिली. शेठजी लाल झाले, मग हसले, मग म्हणाले, ठीक आहे, सोमवारी टेबलावर बघू. साहेबही हसले.

म्हणजे सोहळा झाला. कापड आवडलं आहे. फटका सोडला तर सगळं निर्विघ्न. साहेब जाताना म्हणाले, नमुने सोमवारी सकाळी. मी म्हटलं, हो साहेब.

बाया लुगडी नेसूनच घरी गेल्या. उद्या गोळा करीन.

रविवार, ११ ऑक्टोबर

सकाळी निघताना मनुबाईने कुठे चाललात विचारलं. सांगितलं की लुगडी परत आणायला.

ती उभी राहिली. काय परत आनायला?

मिलची लुगडी.

मिलची कशी? मी माज्या हातानं ओटी भरली. नवरात्रात. कुंकू लावून. तुमी बोल्लाव ना देतंय म्हून?

मी म्हटलं, दिली होती, पण चालण्यापुरती. ती म्हणाली, चालन्यापुरती ओटी? मग म्हणाली, भरलेली ओटी मांगून आनलीत तं मी या घरात तुमच्या देवापुरं दिवा लावनार नाय. तुमचा तुमी लावा.

तिला म्हटलं, तुला मिलच्या कामातलं कळत नाही. आणि घराबाहेर पडलो. वाटेत मात्र दोनदा थांबलो. कारण ती म्हणते ते मलाही कळत होतं. मी भागवत वाचणारा माणूस. ओटी परत मागणं म्हणजे काय ते कोणी मला शिकवायला नको. पण नमुने हवेत आणि जागाही हवी. मी ठरवलं, मागायचं नाही, नुसता विषय काढायचा. त्या समजदार आहेत, आपणहून देतील.

पहिल्यांदा गोदाकडे. भिवा ओटीवर बसला होता. म्हणाला, बुवा, लुगरा मांगाला आलाव का?

म्हटलं, छे, छे. सहज.

तो म्हणाला, मंग बसा, चा घ्या. चहा घेतला. गोदा आतून डोकावली आणि पळाली. विषय काढायचा राहिला.

शकूने आपलं लुगडं माहेरी आईला पाठवलं. भिवंडीकडे. रात्रीच भाऊ घेऊन गेला.

खाडीकाठी कोळीवाड्यात आवडाबाईकडे. तिने मला हाताला धरून थेट देवीच्या देवळात नेलं. आत घट, दिवा, आणि देवीच्या अंगावर निळ्या जमिनीवर पिवळी शेवंती. पदराच्या टोकाला मिलचा शिक्का आणि त्यात क्रमांक सात, तो स्पष्ट दिसत होता. आवडाबाई म्हणाली, भाऊ, इतका भारी लुगरा माज्या अंगाला लागला, म्हून पयला आयला नेसवला. तुज्या मिलचा भला होव.

मी डोळे मिटले. देवीकडे काय मागावं ते सुचेना. सात नंबर मागावा असं मनात आलं. तोंडाने निघालं ते, छान दिसते देवी.

प्रसाद घेऊन घरी आलो. मनुबाईने माझे हात रिकामे पाहिले आणि पान वाढलं.

सोमवार, १२ ऑक्टोबर

केबिनमध्ये व्यापारी, टेबल रिकामं. मी साहेबांना बाहेर बोलावून सगळं सांगितलं. नवरात्र, ओटी, घडी, देवी. साहेब स्वतः देवीचे भक्त आहेत, मला वाटलं समजून घेतील. समजून घेतलं. म्हणाले, बरोबर आहे, परत घेता येणार नाही. मग म्हणाले, दामाजीभाई, तुम्ही माझं दुकान देवळात वाटून आलात.

उरलेल्या चिंध्या दाखवू म्हटलं. त्यांच्यात फुलं अर्धी-अर्धी निघाली. मी आणखी एक उपाय सुचवला. आज काही बाया नवी लुगडी नेसूनच कामावर आल्या आहेत. व्यापाऱ्यांनी वाइंडिंग खात्यात यावं आणि लांबून बघावं. जाडे शेठजी म्हणाले, तिथे ती बाई आहे का? आहे म्हटल्यावर ते उठलेच.

पुन्हा विणायला लूमवर नक्षीची कार्डं चढवायची, महिना जाईल. तोवर लग्नसराईचे सौदे दुसऱ्या मिलशी होतील. व्यापारी गेले.

साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी पंखा लावला आणि म्हणाले, फोल्डिंगला जा.

शांतपणे विचार केला तर यात माझी चूक कुठे? कापड आवडलं. माणसं आनंदात गेली. वेल्फेअरच्या दृष्टीने पाहिलं तर सोहळा यशस्वीच आहे. साहेब आज रागात आहेत. राग ओसरला की त्यांना हे दिसेल.

सोमवार, १९ ऑक्टोबर

दसरा झाला. साहेबांना सोनं द्यायला गेलो. घेतलं, परत दिलं, बोलले नाहीत. राग अजून ओसरायचा आहे.

खात्यात नवी कापडं येतात, मोजतो, घडी करतो. येता-जाता वाइंडिंगवरून रस्ता आहे. हिरवा पाच नंबर वाइंडिंगमध्येच असलेल्या शकूच्या मावशीच्या अंगावर दिसला. तेलाचा डाग पडलाय. लाल तीन नंबर धुऊन फिका झालाय. हे मी मिलच्या हितासाठी बघतो. रंग कितपत टिकतो ते कोणीतरी बघायला हवंच. पुढे विचारलं तर सांगता येईल.

शुक्रवार, ३० ऑक्टोबर

नोटीस लागली. वेल्फेअर ऑफिसर म्हणून सुधीर. डिप्लोमा पुरा व्हायच्या बोलीवर.

बोर्डासमोर गर्दी होती. सुधीरने माझ्या पायाला हात लावला. मी आशीर्वाद दिला. डोक्यावर हात ठेवताना जाणवलं की अजूनही तेल नाही.

माझ्याकडून काही कमी पडलं असं वाटत नाही. कायद्याला कागद हवा असतो. जाऊ दे. रात्री जप नेहमीपेक्षा जास्त केला. मनुबाई जवळ येऊन बसली, म्हणाली, झोपा आता. तिला कसं कळलं?

बुधवार, ४ नोव्हेंबर

आज सुधीरने नव्या ऑफिसात बोलावलं. मला वाटलं, सल्ला हवा असेल. त्याने दार लावून घेतलं आणि मान खाली घालून बोलू लागला. काका, राग मानू नका. ऑफिस उघडल्यापासून पहिलीच तक्रार आली आहे. वाइंडिंगच्या बायांची. तुमच्याविषयी.

माझ्याविषयी?

तो म्हणाला, येता-जाता तुम्ही त्यांच्या पदराकडे बघता. टक लावून. एका बाईला तुम्ही जरा वळा म्हणालात.

हे खरं आहे. तीन नंबरच्या मागच्या बाजूचा रंग बघायचा होता.

गळ्यातली माळ हातात धरली. इतक्या वर्षांत कोणी असं बोट दाखवलं नव्हतं. सुधीरने आवडाबाईला साक्षीला आत बोलावलं होतं. ती दारातून आत आली, मला पाहिलं, सुधीरला पाहिलं आणि म्हणाली, सायेब, यो मानूस लुगऱ्याकडं बगतंय. बाईकडं बगायाची याची हिंमत नाय. आनि असती तं फॅशन परेड नीट जाली नसती का?

सुधीरने तक्रार निकाली काढली. माझी पूर्ण सुटका झाली. आवडाबाई जाताना म्हणाली, भाऊ, पन वलायला सांगू नको कोनाला. बरा नाय दिसत.

सुधीरने चहा मागवला. ऑफिस लहान आहे पण हवा येते. खिडकीतून खाडी दिसते. टेबल नवं. खुर्ची चांगली आहे, पाठ टेकते. बसून पाहिली. सुधीरची नव्हे, ज्याच्याविषयी तक्रार आली त्या माणसाला बसायला देतात ती.